सोनें धुणारीं माणसें

आमच्या लहानपणीं दिवाळी आटोपली कीं चांदूर रेल्वेच्या सराफ-ओळींत दोन-तीन परकीं माणसें दिसूं लागत. पहांटेची वेळ, दुकानें अद्यापि उघडलेलीं नसत. दोन बायका आणि एक म्हातारा दुकानापुढील नालींतला काळा गाळ हातांनीं उपसून एका लांबट, उथळ काठवटींत घेत, त्यावर लोट्यानें पाणी सोडीत, आणि काठवट अशा कांहीं लयीनें हालवीत कीं माती कांठावरून निसटून जाई व तळाशीं काळ्या रेतीची एक बारीक रेघ तेवढी उरे. त्या रेघेंत मधूनच कांहीं चमके. आम्ही मुलें शाळेची वेळ विसरून पाहात उभीं राहात असूं. हीं माणसें काय करितात असें वडिलांस विचारलें तेव्हां, "ते झारेकरी. सोनाराच्या दुकानांतली धूळ धुतात," एवढेंच उत्तर मिळालें, आणि तेवढ्यानें त्या वयाचें समाधान झालें.

पुढें इतिहास शिकविण्यांत आयुष्याचीं तीस वर्षें गेलीं. विजयनगरचे होन, मोगलांच्या मोहरा, सुरतेची लूट हें सर्व आम्हीं विद्यार्थ्यांस सांगितलें. परंतु हें सोनें मुळांत कोणाच्या हातानें मातींतून वेगळें झालें, हा प्रश्न आम्हांस कोणी विचारला नाहीं आणि आम्हींहि स्वतःस विचारला नाहीं. ज्यांनीं सोनें लुटलें, सांठविलें, दान केलें, त्यांचीं नांवें पाठ करावयाचीं. ज्यांनीं तें धुतलें, त्यांस नांवच नाहीं! प्रस्तुत लेखांत त्या नालीकांठच्या माणसांचा माग मागें मागें काढीत जावयाचें योजिलें आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. वऱ्हाडच्या भूमींत सोनें नाहीं. आमच्या पायांखालचा काळा पाषाण हा सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं भूगर्भांतून वाहून आलेल्या लाव्ह्याचा थर होय. तो कुजून झालेल्या काळ्या मातींत कापूस उत्तम येतो, आणि त्याच कापसाला आम्ही पांढरें सोनें म्हणतों. परंतु तें केवळ अलंकारिक. आमच्या नाल्याची वाळू जन्मभर धुतली तरी तींतून सुवर्णाचा एक कण हातीं लागावयाचा नाहीं. मात्र चांदुराहून पूर्वेकडे निघालेली आगगाडी धामणगांव सोडून पुलगांवच्या पुलावरून वर्धा नदी ओलांडते, आणि नागपुरापलीकडे काळ्या खडकाचें राज्य संपून फार जुन्या, स्फटिकमय खडकांचा प्रदेश लागतो. नागपूर व भंडारा जिल्ह्यांच्या सरहद्दीवर परसोडी, कोलारी या बाजूस त्या खडकांत सोन्याचे अंश असल्याचें भूशास्त्र-सर्वेक्षण खात्यानें विसाव्या शतकांत दाखवून दिलें. त्याच्याहि पूर्वेस बालाघाट, छत्तीसगड, छोटा नागपूर असा हा पट्टा पसरत जातो. तेथील नद्या ह्या जुन्या खडकांस युगानुयुगें झिजवीत आल्या आहेत. खडकांतल्या गारगोटीच्या शिरांमध्यें अडकलेलें सोनें त्या झिजेबरोबर सुटतें आणि वाळूंत येऊन पडतें.

वाळूंतून सोनें वेगळें करण्याची युक्ति एका साध्या नियमावर उभी आहे. सोनें पाण्याच्या सुमारें १९ पट जड. साधी वाळू अडीच पटींहून थोडी अधिक. म्हणून जेथें प्रवाहाचा वेग मंदावतो तेथें, म्हणजे वळणाच्या आंतल्या अंगास, आडव्या खडकाच्या फटींत, कांठच्या झाडांच्या मुळांशीं, नदी आपला जड माल प्रथम टाकून देते. सोनझारी ती जागा डोळ्यांनीं ओळखतो. पावसाळा सरून पाणी उतरलें कीं तेथला गाळ काठवटींत घ्यावयाचा, पाण्याशीं खेळवावयाचा, हलकी माती जाऊं द्यावयाची. मागें लोहमिश्रित काळी रेती राहते, आणि तिच्या कुशींत राईहून लहान असे पिंवळे कण राहतात. कण फारच सूक्ष्म असले तर पाऱ्याचा थेंब फिरवून ते त्यांत धरावयाचे आणि पारा आंचेवर उडवून द्यावयाचा. ह्या आंचेच्या धुरानें धुणाऱ्याचें अंग आंतून पोखरलें जातें, हें आज आपणांस ठाऊक आहे. ह्या सर्व कामांत यंत्र एकच: मनगट. घाई केली कीं मातीबरोबर सोनेंहि गेलें. फार सावकाशी केली कीं दिवस गेला आणि पदरीं मजुरीहि पडली नाहीं.

ही विद्या किती जुनी? ऋग्वेदांत सिंधु नदीस सुवर्णमयी म्हटलें आहे. शोण नदीचें जुनें नांव हिरण्यवाह; ग्रीकांनीं तेंच आपल्या उच्चाराप्रमाणें एरन्नोबोअस असें लिहून ठेविलें. छोट्या नागपुरांतून वाहणारी सुवर्णरेखा तर नांवानेंच बोलते. महाभारताच्या सभापर्वांत युधिष्ठिराच्या राजसूय यज्ञास उत्तरेकडील लोकांनीं पिपीलिक नांवाचें सोनें आणल्याचा उल्लेख आहे. तें मुंग्यांनीं भूमींतून उकरून काढलेलें म्हणून पिपीलिक. हेरोडोटसनेंहि हिंदुस्थानांतल्या, वाळवंटांत राहून सोन्याची रेती उकरणाऱ्या, कोल्ह्याहून मोठ्या मुंग्यांची हकीकत सांगितली आहे. विद्वानांनीं ह्या मुंग्यांचीं नाना स्पष्टीकरणें दिलीं. आम्हांस त्या कथेंत एवढेंच खरें वाटतें कीं, नदीच्या वाळूंत ओणवून रांगेनें काम करणारीं माणसें दुरून पाहणाऱ्या व्यापाऱ्यास आणि राजदूतास मुंग्यांसारखींच दिसत असलीं पाहिजेत. पुष्कळ लेखकांनीं त्यांना त्याहून अधिक जवळून पाहिलें नाहीं.

ह्यास एक अपवाद आहे, आणि तो मोलाचा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सुवर्णाध्यक्षाच्या प्रकरणांत सोन्याचे प्रकार सांगितले आहेत: कांहीं जन्मतःच शुद्ध, कांहीं पाऱ्याच्या योगानें मिळविलेलें, कांहीं खाणींतून काढलेलें. त्याच प्रकरणांत, सरकारी कारखान्यांत कोणी कोणी शिरावें व निघावें ह्याची यादी देतांना भाता फुंकणाऱ्यांबरोबर 'पांसुधावक' असा एक शब्द येतो. पांसु म्हणजे धूळ. पांसुधावक म्हणजे धूळ धुणारा. आमच्या सराफ-ओळींतल्या झारेकऱ्याचें हें दोन हजार वर्षांपूर्वींचें नांव! कौटिल्य एवढ्यावर थांबत नाहीं. कारागिरांच्या नियमांत तो असें ठरवून देतो कीं, धुळींतून जें सार निघेल त्याचा तिसरा हिस्सा धुणाऱ्याचा, दोन हिस्से राजाचे, आणि रत्न निघाल्यास तें राजाचें. कारागिरांकडे सदैव चोर म्हणून पाहणारा हा कठोर मुत्सद्दी धुणाऱ्याचा वांटा मात्र लिहून ठेवतो. ही गोष्ट लक्षांत ठेवावी, कारण पुढच्या इतिहासांत असा लिहिलेला वांटा सहसा आढळत नाहीं.

पुढें ठिकठिकाणीं हें काम कांहीं ठराविक जातीजमातींकडे गेलेलें दिसतें. आसामांत आहोम राजांच्या अमलाखालीं सोनोवाल कछारी नदींतलें सोनें धुवून राजाचा कर सोन्यांत भरीत. मलबारच्या बाजूस वायनाडांत पणियन व कुरुंब, धारवाडकडे जालगार, आणि आमच्या पूर्वेस सोनझारी. रसेल व रायबहादुर हिरालाल यांनीं १९१६ सालीं मध्यप्रांतांतील जातीजमातींवर जो चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत सोनझाऱ्यांवर एक लहानसें प्रकरण आहे. महानदी आणि इतर नद्यांच्या पात्रांत सोनें धुणारी ही छोटी जमात गोंडांपासूनच फुटून निघाली असावी, असा त्यांचा अभिप्राय. बालाघाटकडे लांजीच्या आसपास, बाघ नदीस मिळणाऱ्या सोन व देव ह्या प्रवाहांत, त्यांची काठवट चाले. हा सर्व मुलूख एके काळीं नागपूरकर भोसल्यांच्या राज्यांतला होता; म्हणजे हें सोनें मराठी राज्याच्या इतिहासाबाहेरचें नव्हे.

त्याच राज्याच्या एका कोपऱ्यांत, महानदीस मिळणाऱ्या जोंक नदीच्या बाजूस, सोनाखान नांवाची जमीनदारी होती. नांवांत सोन्याची खाण. परंतु १८५६ च्या दुष्काळांत रयतेच्या घरीं दाणा नव्हता. जमीनदार नारायणसिंह यानें एका व्यापाऱ्याचें धान्याचें कोठार उघडून तें भुकेल्यांस वांटलें. भोसल्यांचें राज्य दोनच वर्षांपूर्वीं, १८५४ सालीं, खालसा झालें होतें. नव्या सरकारनें नारायणसिंहास कैद केलें. पुढें तो निसटला, लढला, पकडला गेला, आणि १० डिसेंबर १८५७ रोजीं रायपुरास त्यास देहांत शासन झालें. ज्या भूमीस सोन्याच्या नांवानें ओळखावें तेथील माणूस दाण्यासाठीं मरावा, ह्यांत दैवाचा खेळ नाहीं. वाळूंतल्या सोन्याचा हिशेबच तसा आहे. दिवसभर पाण्यांत ओणवें राहून जे चार कण मिळत, ते बाजारांत विकून त्या दिवसाची ज्वारी वा तांदूळ येई. एकोणिसाव्या शतकांतल्या वृत्तांतांत धुणाऱ्याची रोजची कमाई आण्यांनींच मोजलेली आहे. आणि दुष्काळांत धान्य महागलें म्हणजे सोन्याचे कण तेवढेच राहून भाकरी मात्र लहान होई.

येथें एक शंका सहजच निघते. वाळूंत सोनें सांपडतें ही वार्ता अमेरिकेंत फुटली तेव्हां जग लोटलें. मग हिंदुस्थानांत तसें कां झालें नाहीं? २४ जानेवारी १८४८ रोजीं कॅलिफोर्नियांत सटरच्या लांकूड कापण्याच्या गिरणीच्या पाटांत जेम्स मार्शल यास सोन्याचे कण दिसले, आणि पुढील सात वर्षांत सुमारें तीन लक्ष माणसें त्या प्रांतांत उतरलीं. वरवरची समृद्ध वाळू थोडक्या वर्षांत धुवून संपली. मग पाण्याच्या प्रचंड नळ्यांनीं डोंगर फोडण्याचें काम सुरू झालें. तेथील मूळ रहिवाशांची संख्या सुमारें दीड लाखांवरून १८७० पर्यंत तीस हजारांच्या आसपास आली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. ज्याच्या जमिनींत सोनें सांपडलें तो सटर बुडाला, आणि ज्यास तें प्रथम दिसलें तो मार्शल दारिद्र्यांत मेला.

त्याहूनहि विलक्षण प्रकार ॲरिझोनाच्या वाळवंटांत झाला. १८६२ सालीं कोलोराडो नदीच्या पूर्वेस रुक्ष डोंगरांच्या घळींत, कोरड्या ओढ्यांच्या रेतींत सोनें सांपडलें आणि ला पाझ नांवाचें गांव एका रात्रींत उठावें तसें उठलें. ओढा खरा, पण पाणी नाहीं! तेव्हां मेक्सिकोकडून आलेल्या अनुभवी माणसांनीं रेती वाऱ्यावर उधळून सोनें वेगळें केलें. आमच्या खळ्यावर शेतकरी तिवईवर उभा राहून ज्वारी उफणतो, वारा भूस नेतो आणि दाणा पायांशीं पडतो, तीच ही रीत. फरक इतकाच कीं तेथें भूस म्हणजे वाळवंटाची वाळू, आणि दाणा सोन्याचा. त्यांच्याजवळहि लांकडाची उथळ काठवटच असे. पृथ्वीच्या दोन टोकांना, एकमेकांचें नांवहि न ऐकलेल्या माणसांनीं, सारख्याच उपायानें सारखेंच काम केलें. दहा वर्षांच्या आंत ला पाझ ओस पडूं लागलें. आज तेथें अवशेष तेवढे आहेत.

हिंदुस्थानांत गर्दी झाली नाहीं ह्याचें पहिलें कारण हें कीं, येथली वाळू हजारों वर्षें धुतली जात होती. कॅलिफोर्नियाच्या वाळूंत नदीनें लक्षावधि वर्षें टाकलेली शिल्लक एकदम हातीं आली. आमच्याकडे दर पावसाळ्यांत नदी जेवढें नवें आणून टाकी तेवढेंच दर हिवाळ्यांत उचललें जाई. शिल्लक नव्हती, केवळ वार्षिक उत्पन्न होतें. दुसरें कारण असें कीं, हें काम जातीच्या कुंपणांत होतें. दुसऱ्यानें त्यांत शिरावें एवढा लाभ नव्हता, आणि शिरल्यास कमीपणा होता. म्हणून परदेशांत जें साहस ठरलें तें येथें मजुरी ठरलें. ह्याचा अर्थ आमचे लोक निर्लोभी होते असा कोणी काढूं नये. मोठा लाभ दिसला तेव्हां येथेंहि गर्दी झालीच; फक्त ती नदीच्या कांठावर न होता लंडनच्या शेअर-बाजारांत झाली.

त्या गर्दीची कथाहि धुणाऱ्यापासूनच सुरू होते. १८०२ सालीं म्हैसूर राज्याच्या पूर्व सीमेची मोजणी करीत असतां लेफ्टनंट जॉन वॉरन ह्याच्या कानांवर, कोलारजवळ जमिनींत सोनें मिळतें, अशी वार्ता आली. त्यानें बक्षीस जाहीर केलें. खेडुतांनीं माती आणून त्याच्या डोळ्यांदेखत धुतली, आणि तळाशीं सोन्याचे कण चमकले. पुढें सत्तर वर्षांनीं मायकेल लाव्हेल ह्यानें १८७३ मध्यें परवान्यासाठीं अर्ज केला. १८८० पासून जॉन टेलर कंपनीचें नांव त्या खाणींशीं जोडलें गेलें. पुढील १२० वर्षांत कोलारनें ८०० टनांवर सोनें दिलें, खाण तीन किलोमीटरांहून खोल गेली, आणि तिच्यासाठीं १९०२ मध्यें शिवसमुद्रम् येथून वीज आणली गेली. २००१ सालीं ती बंद झाली. पाठ्यपुस्तकांत वॉरन आहे, लाव्हेल आहे, टेलर आहे. काठवट धरून वाट दाखविणाऱ्या खेडुताचें नांव मात्र त्या पानावर नाहीं.

कोलार हा यशाचा अपवाद. वायनाडांत पणियन-कुरुंबांच्या जुन्या उकिरीं पाहून ब्रो स्मिथ ह्या ऑस्ट्रेलियांतून आलेल्या तज्ज्ञानें आशादायक अहवाल दिला, आणि १८७९ पासून दोन-तीन वर्षांत लंडनमध्यें डझनांनीं कंपन्या निघाल्या. यंत्रें डोंगरांवर चढविलीं गेलीं, साहेबांचे बंगले उठले, आणि थोड्याच वर्षांत सर्व कोसळलें. आमच्या मराठी मुलखाच्या शेजारीं, धारवाड जिल्ह्यांत, गदगजवळच्या कप्पतगुड्ड डोंगरांतून उतरणाऱ्या ओढ्यांत जालगार सोनें धूत असत. त्या माहितीच्या आधारानें भूशास्त्रज्ञ ब्रूस फूट ह्यानें १८७४ सालीं डंबळच्या डोंगरांतील सुवर्णयुक्त खडकांवर निबंध लिहिला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं तेथेंहि कंपन्यांचा सुकाळ झाला. जवळचा शिरहट्टी तालुका सांगली संस्थानाकडे असल्यामुळें त्या पट्ट्यांतील एक खाण सांगलीच्याच नांवानें ओळखली गेली. पटवर्धनांच्या राज्यांत सोन्याची खाण! परंतु पहिल्या महायुद्धाच्या आधींच ह्या कंपन्यांचा उत्साह मावळला. यंत्रें गेलीं, भागीदार गेले. पावसाळ्यानंतर ओढ्याचें पाणी मात्र पूर्वींप्रमाणेंच उतरत राहिलें, आणि तेथें बसण्यास जालगारास कोणाचा भाग विकत घ्यावा लागला नाहीं.

ह्या सर्वांतून आमच्या मनावर ठसलेली गोष्ट एकच. सोन्याच्या शोधाचा म्हणून जो इतिहास लिहिला जातो, तो बहुतांशीं आधीं माहीत असलेल्या जागीं नंतर पोंचणाऱ्यांचा इतिहास आहे. शोध धुणाऱ्याचा होता. नोंद दुसऱ्याची झाली.

मग सोनझारी पूर्वेकडच्या नद्या सोडून आमच्या काळ्या मुलखांत, चांदुराच्या नालीपर्यंत कसा आला? ह्याचें उत्तर कापसांत आहे. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें १८६१ ते १८६५ ह्या काळांत तिकडचा कापूस अडला, आणि वऱ्हाडच्या कापसास न भूतो असा भाव आला. त्याच सुमारास लोहमार्ग वऱ्हाडांत शिरला आणि १८६७ मध्यें नागपुरास पोंचला. चांदूर बाजाराहून वेगळें ओळखावें म्हणून ज्या गांवाच्या नांवास रेल्वेच चिकटली, तें आमचें गांव ह्याच मार्गावरचें. कापसाचा पैसा आमच्या शेतकऱ्यानें बँकेंत ठेविला नाहीं. त्यानें तो घरच्या लक्ष्मीच्या गळ्यांत व हातांत घातला. गांवोगांव सोनारांच्या बागेसऱ्या पेटल्या. आणि जेथें सोनें घडतें तेथें सोनें सांडतें: कानशीच्या कसांत, मुशीच्या राखेंत, सोनाराच्या चटईत, दुकान धुतलेल्या पाण्यांत. नदी जें काम युगांनीं करी तें सोनाराच्या हातून रोज होऊं लागलें. सोनझाऱ्यानें नदी बदलली. विद्या तीच ठेविली. सोनें नसलेल्या वऱ्हाडास कापसानें सोन्याचा एक ओढा दिला, आणि तो सराफ-ओळीच्या नालींतून वाहात होता.

आतां एक प्रसंग सांगावयाचा आहे. तो सांगण्यास मन धजत नव्हतें. आमचे तीर्थरूप वारले तेव्हां रूढीप्रमाणें त्यांच्या मुखांत तुळशीपत्र, गंगोदक आणि गुंजेहून लहान असा सोन्याचा कण घातला होता. तिसऱ्या दिवशीं अस्थि गोळा करून राख पाण्यांत सोडली. परततांना मागें वळून पाहिलें तों दोन बायका व एक मुलगा त्याच पाण्यांत उतरून काठवटीनें रेती धूं लागले होते. आमच्याबरोबरच्या मंडळींचा संताप अनावर झाला. आम्हीहि ओरडलों, जें बोलूं नये तें बोललों. मुलगा पळाला. त्यांतली वृद्धा मात्र जागची हालली नाहीं. काठवट तशीच पाण्यावर धरून ती म्हणाली, "बापा, तुमच्या मान्साचं काई नेत नाई आमी. तुमी पान्यात सोडलं, ते पान्याचं झालं. पान्याचं तेवढं आमी घेतो."

त्या वेळीं ह्या वाक्याचा अर्थ लागला नाहीं. पुष्कळ वर्षांनीं कौटिल्याच्या नियमापाशीं थांबलों तेव्हां तो लागला. जें दुसऱ्यांनीं टाकलें, सांडलें, सोडून दिलें, त्यांतलेंच सार घेणें हा ह्या लोकांचा धर्म. आणि त्या साराचा एक वांटा त्यांचा हक्क, हें कौटिल्यासारख्या कठोर माणसासहि मान्य होतें. आम्हीं इंग्रजी शिकून, अर्थशास्त्र वाचून, त्यांना स्मशानांतले चोर ठरविलें. ज्या शोकाच्या नांवावर आम्ही ओरडलों, त्यांत थोडा शोक होता आणि पुष्कळसा अहंकार होता, हें आज कबूल करणें प्राप्त आहे.

ह्यांत धुणाऱ्याच्या गरिबीची शोभा करावी असा हेतु नाहीं. नालीच्या गाळांत हात घालणें, तेजाब आणि पारा ह्यांच्या वाफेंत मुलेंबाळें वाढविणें, गांवाच्या कडेला पालांत राहून दर महिन्यास गांव बदलणें, ह्यांत काव्य नाहीं. ती विद्या टिकावी म्हणून त्यांच्या मुलांनीं तेंच करीत राहावें, असें म्हणण्याचा अधिकार आपणांस नाहीं. आणि काळहि तें टिकूं देणार नाहीं. नद्यांवर धरणें झालीं, वाळू यंत्रांनीं उपसली जाऊं लागली. गांवोगांव नाल्यांवर सिमेंटचीं झांकणें पडलीं, आणि मोठे सराफ आपली धूळ आपणच कारखान्यांत पाठवून गाळून घेऊं लागले. ईब नदीच्या कांठीं जशपूरकडे अजून कांहीं घरें हें काम करितात. सोनाखानच्या बाजूच्या बाघमारा येथील सुवर्णक्षेत्राचा २०१६ सालीं लिलाव होऊन तें एका बड्या कंपनीकडे गेलें. देशांत सोन्याच्या खाणीचा तो पहिला लिलाव होता. पुन्हां तोच क्रम: आधीं काठवट, मागून कंपनी.

प्रश्न उरतो तो आपल्या बाजूच्या ऋणाचा. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादींत गोंड ह्या नांवाखालीं जीं पुष्कळ नांवें आहेत त्यांत सोनझारी झरेका हेंहि एक आहे, आणि १९७६ च्या कायद्यानें क्षेत्राचें बंधन निघाल्यामुळें तें सर्व राज्यास लागू झालें. परंतु जी माणसें पिढ्यान् पिढ्या गांव बदलीत आलीं त्यांच्यापाशीं जुना कागद कोठून असणार? एका शाळेंत मास्तरांनीं सोनझारी लिहिलें, दुसरीकडे झारेकरी, तिसरीकडे नुसतेंच सोनार. आणि मुलगा दाखल्यासाठीं कचेरींत उभा राहिला म्हणजे हीं तीन नांवें एकाच घराचीं आहेत हें सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर. येथें इतिहासाच्या अभ्यासकाचें काम आहे. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या महाविद्यालयांनीं आपल्या भागांतल्या ह्या घरांच्या वाटा, नांवें, नातीं आणि धंद्याचे शब्द लिहून काढले, तर तें संशोधनहि होईल आणि एखाद्या मुलाच्या हातीं पुरावाहि पडेल. आम्हीं हें काम आमच्या विद्यार्थ्यांकडून थोडेंबहुत करून घेण्यास आरंभ केला आहे. पहिल्या खेपेस विद्यार्थी परत आले ते तक्रार घेऊन: सोनझाऱ्यांच्या पालावर त्यांना कोणी कांहीं सांगेना. तेव्हां आम्हीं त्यांना सांगितलें कीं, प्रश्न विचारूं नका. आधीं काठवट हातांत घेऊन पाहा.

एका विद्यार्थिनीनें तसें केलें. दोन प्रहर धुवून तिच्या काठवटींत कांहीं उरलें नाहीं. सर्व माती सोन्यासकट वाहून गेली होती. पालांतली म्हातारी हंसली, तिच्या मनगटावर आपला हात ठेवून तिनें काठवट दोनदां फिरविली, आणि मग आपलें नांव, माहेर, सासर सांगावयास बसली. आमच्या वहींत त्या दिवशींची पहिली नोंद तेथून सुरू होते.